धाडलेल्या कामाचा निरोप

डिसेंबर २०१५ च्या अतिवृष्टीत चेन्नईच्या दक्षिण भागातील वेलचेरीचा परिसर जलमय झाला होता. तळ्याकाठच्या अशा सखल वस्तीसाठी संगणकावर पूर-इशाऱ्याची आज्ञावली लिहावयाची आहे, असे समजू. तिने एकाच वेळी दोन कामे धाडावयाची : एकाने पावसाचा आकडा आणावयाचा, दुसऱ्याने तळ्याची पातळी. दुसरे काम वाटेतच मोडले आणि त्याचा निरोप कोणालाच पोचला नाही, तर? पातळी वाढलेली नाही आणि पातळी कळलेलीच नाही, या दोहोंतील भेद पुसला जाईल. इशाराही निघणार नाही.

पायथन भाषेच्या ‘असिंक-आयओ’ या लायब्ररीत हा धोका खरा आहे. तेथे काम सुटे सोडून देता येते. त्याची कोणी वाट पाहिली नाही, तर त्यातील चूक धाडणाऱ्यापर्यंत येत नाही. फार तर नोंदीत एखादी ओळ उमटते.

१९६८ साली एड्सगर डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने ‘गो टू’ या आज्ञेवर, म्हणजे आज्ञावलीत कोठूनही कोठेही उडी मारण्याच्या मुभेवर, आक्षेप घेतला. २०१८ साली नॅथॅनिएल स्मिथ यांनी तसाच आक्षेप सुट्या कामांवर घेतला. त्यांच्या ‘ट्रायो’ या लायब्ररीत प्रत्येक काम एखाद्या ‘नर्सरी’च्या, म्हणजे पाळणाघराच्या, देखरेखीखाली चालते. २०२२ साली पायथनच्या ३.११ या आवृत्तीत ‘टास्कग्रुप’ या नावाने तशीच व्यवस्था आली. या पद्धतीस ‘स्ट्रक्चर्ड कन्करन्सी’ म्हणतात.

तिचा नियम घरगुती आहे : सगळी माणसे परतल्यावाचून दाराला कडी लागत नाही. गटातील शेवटचे काम संपेपर्यंत आज्ञावली त्या गटाबाहेर पडत नाही. एक काम मोडले, की उरलेल्यांना थांबण्याचा निरोप जातो. ती थांबली, की घडलेली चूक धाडणाऱ्यापुढे उभी राहते.

मात्र दोन पथ्ये पाळावी लागतात. थांबण्याचा निरोप कामाला त्याच्या विसाव्याच्या जागीच ऐकू येतो. अखंड आकडेमोडीत गढलेल्या कामाला तो ऐकू येत नाही. आणि जे काम मोडतही नाही व परततही नाही, त्याच्यासाठी मुदत घालून द्यावी लागते. नाहीतर दार रात्रभर उघडेच राहावयाचे.

या पद्धतीने पातळी मोजणारे यंत्र बिघडावयाचे थांबणार नाही. परंतु ते बिघडल्याची गोष्ट, पाणी उंबऱ्याला लागेपर्यंत, निमूटपणे दडून राहणार नाही.