कादंबरीचे प्रकार आणि वाचकाचे मत : बोनकोडे येथील एका वाचकाची निरीक्षणे

बीजसंज्ञा : मराठी कादंबरी, कादंबरीचे प्रकार, वाचकाचे मत, मूल्यमापन, विस्थापन

१. प्रस्तावना

महाविद्यालयीन वर्गात कादंबरी हा वाङ्मयप्रकार शिकविताना कथानक, व्यक्तिचित्रण, वातावरण, निवेदन आणि भाषाशैली या घटकांच्या आधारे प्रत्येक कृतीचे विवेचन करण्याची पद्धत रूढ आहे. परीक्षेच्या दृष्टीने ती सोयीची आहे. परंतु तिच्यामुळे ऐतिहासिक कादंबरी, रहस्यकादंबरी, विज्ञानकादंबरी आणि ग्रामीण कादंबरी या सर्वांना एकच फूटपट्टी लावली जाते. विद्यार्थ्याने स्वतः वाचून बनविलेले मत अशा वेळी उत्तरपत्रिकेत उतरत नाही. ‘आवडली’ किंवा ‘कंटाळवाणी वाटली’ हे त्याचे उद्गार आपण अशास्त्रीय म्हणून बाजूला ठेवतो आणि त्यांच्या जागी तयार मुद्दे देतो.

वाचकाचे साधे मत वाङ्मयीन मूल्यमापनाच्या पातळीवर कसे नेता येईल, हे निरनिराळ्या प्रकारांतील काही मराठी कादंबऱ्यांच्या आधारे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. येथे व्यक्त केलेली मते बोनकोडे या नवी मुंबईतील गावी राहणाऱ्या एका वाचकाची आहेत. हे स्थान सांगण्यास कारण आहे. वाचक कोठून वाचतो याचा त्याच्या मताशी काय संबंध असतो, हाही या लेखाचा एक विषय आहे.

२. प्रकार म्हणजे वाचकाशी केलेला करार

कादंबरीचा प्रकार हा केवळ ग्रंथालयातील वर्गीकरणाचा प्रश्न नव्हे. पुस्तक हाती घेताना वाचकाला त्यातून काय मिळेल याविषयीचा तो एक अव्यक्त करार असतो. मराठीत असे निरनिराळे करार फार लवकर अस्तित्वात आले. बाबा पदमनजी यांच्या ‘यमुनापर्यटन’ने १८५७ मध्ये विधवांच्या स्थितीचे वास्तव दाखविण्याचे आश्वासन दिले. लक्ष्मणशास्त्री हळबे यांच्या ‘मुक्तामाला’ने १८६१ मध्ये अद्भुतरम्य जगात नेण्याचे, तर रा. भि. गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’ने १८७१ मध्ये शिवकाळाचे दर्शन घडविण्याचे आश्वासन दिले. म्हणजे अवघ्या चौदा वर्षांत सामाजिक, अद्भुतरम्य आणि ऐतिहासिक अशा तीन वाटा मराठी वाचकासमोर मोकळ्या झाल्या होत्या.

यावरून दोन प्रश्न निष्पन्न होतात. पहिला : या कादंबरीने कोणता करार केला आणि तो कितपत पाळला? दुसरा : या कराराच्या स्वरूपामुळेच कोणती गोष्ट तिच्या दृष्टीबाहेर राहिली? पहिल्या प्रश्नामुळे वाचक कृतीला न्याय देतो. दुसऱ्यामुळे तो तिच्या मोहातून मुक्त राहतो. पुढील विवेचन या दोन प्रश्नांच्या आधारे केले आहे.

३. ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबरी

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ (१९६२) आणि विश्वास पाटील यांची ‘पानिपत’ (१९८८) या दोन्ही कादंबऱ्यांचा संबंध १७६१ च्या पानिपतच्या युद्धाशी येतो. दोघींचे करार मात्र भिन्न आहेत. युद्धानंतर कोवळ्या वयात पेशवेपदावर आलेल्या माधवरावांचे अंतरंग दाखविणे हा ‘स्वामी’चा करार आहे आणि माधवराव-रमाबाई यांच्या नात्याच्या चित्रणात तो उत्तम रीतीने पाळला गेला आहे. तथापि कौटुंबिक भावनेच्या प्रकाशात राज्यकारभाराचे तपशील फिके पडतात. मोडकळीस आलेली सत्ता कशी सावरली गेली यापेक्षा ती सावरणारा पुरुष किती एकाकी होता, हेच वाचकाच्या स्मरणात राहते. ‘पानिपत’चा भर याउलट मोहिमेच्या भौतिक बाजूवर आहे. रसद, अंतर, उपासमार आणि सैन्याबरोबर चाललेले बुणगे यांतून पराभवाची कारणे उलगडत जातात. ‘स्वामी’ वाचून वाचक हळहळतो. ‘पानिपत’ वाचून तो हिशेब करू लागतो. यांपैकी एक श्रेष्ठ आणि दुसरी कनिष्ठ असा निवाडा देण्यापूर्वी प्रत्येकीने काय देऊ केले होते, हे पाहणे अगत्याचे आहे.

पौराणिक कादंबरीत कथेचा शेवट वाचकाला आधीच ठाऊक असतो. म्हणून ‘पुढे काय झाले’ याऐवजी ‘असे का झाले’ याचे उत्तर देण्याचे बंधन लेखकावर येते. वि. स. खांडेकर यांच्या ‘ययाति’मध्ये (१९५९) ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघे निवेदन करतात. संयमाचा आदर्श असलेल्या कचाला मात्र स्वतःचे निवेदन नाही. तो इतरांच्या शब्दांतूनच भेटतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही योजना अर्थपूर्ण आहे. आदर्श बाहेरून पाहावा लागतो, भोगाचा अनुभव मात्र आतून सांगता येतो. शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि श्रीकृष्ण असे सहा निवेदक आहेत. एवढे आवाज असूनही त्या सर्वांची भाषा जवळजवळ सारखीच अलंकृत आहे आणि कौलही बहुतांशी कर्णाच्या बाजूने जातो. उपेक्षितावर झालेल्या अन्यायाची जाणीव करून देण्याचा करार ती प्रभावीपणे पाळते; परंतु अनेक निवेदक योजल्याने अपेक्षित असलेला दृष्टिकोनांचा संघर्ष तिच्यात क्षीण राहतो.

४. रहस्यकादंबरी आणि विज्ञानकादंबरी

अभ्यासक्रमाच्या दारात सर्वाधिक काळ ताटकळत राहिलेले प्रकार हेच होत. बाबूराव अर्नाळकर यांनी हजाराहून अधिक रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही त्यांची पात्रे कित्येक पिढ्यांच्या वाचनाच्या सवयीचा पाया ठरली. त्यांच्यावर पुनरावृत्तीचा आक्षेप घेतला जातो. पण कीर्तनातील परिचित आख्यान पुन्हा ऐकताना श्रोता जसा तक्रार करीत नाही, तद्वतच रहस्यकादंबरीच्या वाचकालाही ठरलेली चौकट हवी असते. बिघडलेली घडी शेवटी नीट बसेल, हाच येथील करार आहे. त्याची कसोटी धाग्यादोऱ्यांच्या प्रामाणिक मांडणीत आहे. पात्रांच्या मानसिक खोलीत ती शोधणे योग्य नव्हे. या प्रकाराची खरी मर्यादा वेगळी आहे. येथे गुन्ह्यामागे नेहमी कोणीतरी व्यक्ती असते. ज्या अन्यायाला एकच गुन्हेगार नाही, जो नियम, कागद आणि निर्णय यांतून घडतो, तो या चौकटीत सापडत नाही.

विज्ञानकादंबरीत एक कल्पना गृहीत धरून उरलेले सर्व तर्काने पुढे न्यायचे असते. जयंत नारळीकर (निधन २०२५) यांच्या ‘वामन परत न आला’ या कादंबरीत प्राचीन ज्ञानसाठ्याच्या आधारे घडविलेल्या यंत्रमानवाची कल्पना आहे. तिच्यातील व्यक्तिरेखा ठसठशीत नाहीत, हे मत चुकीचे म्हणता येणार नाही. परंतु या प्रकारात नायकाचे स्थान गृहीतकाला असते आणि ते गृहीतक येथे शिस्तीने वाढविले आहे. यंत्रावर किती विसंबावे, हा तिचा प्रश्न आज अधिकच निकडीचा झाला आहे. उणीव जाणवते ती एका ठिकाणी : माणसे पुसट राहिल्याने निर्णयाची मानवी किंमत वाचकाला पुरेशी जाणवत नाही. नाशिक येथे २०२१ मध्ये झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना मिळाले. विज्ञानसाहित्याला मिळालेली ही मान्यता आपल्या वर्गांपर्यंत किती पोहोचली, याचा विचार व्हावयास हवा.

५. वास्तववादी कादंबरीच्या तीन तऱ्हा

ह. ना. आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. सक्तीच्या केशवपनासारखा प्रसंग तिच्याच शब्दांत आल्यामुळे सुधारणेचा वाद चर्चेच्या पातळीवर राहत नाही. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक आहे बाहेरून आलेला तरुण शिक्षक. धनगरांच्या वस्तीविषयी तो न्यायनिवाडा करीत नाही, जे पाहतो ते सांगतो. दुष्काळात वस्ती उठून जाते तेव्हा त्याचा संयत स्वरच परिणामकारक ठरतो. उद्धव शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकचा संसाराशी चाललेला झगडा वऱ्हाडी बोलीतून येतो आणि बोली ही सजावट नसून अनुभवाचे अंगच असल्याचे पटते.

भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’ने (१९६३) आणखी एक निराळा करार केला. येथे पांडुरंग सांगवीकर शिक्षणासाठी पुण्यास जातो आणि गावी परततो. रूढ अर्थाने यात कथानक बांधलेले नाही. म्हणून ‘कथानक विस्कळीत आहे’ हा विद्यार्थ्याचा शेरा वस्तुतः अचूक असतो. त्याने तेथेच थांबू नये, एवढेच. ज्या शिक्षणव्यवस्थेत नायकाला सुसूत्रता सापडत नाही तिचे चित्र सुसूत्र कथानकातून कसे देता येईल, हा पुढचा प्रश्न त्याला विचारता येतो. महाविद्यालयावर इतकी कठोर टीका करणारी कृती आपण महाविद्यालयात शिकवितो, ही जाणीव अध्यापकालाही असावी.

६. वाचकाचे स्थान : बोनकोडे

वरील दोन प्रश्नांची खरी परीक्षा वाचकाच्या स्वतःच्या जगाशी निगडित कृतीत होते. कोपरखैरणे परिसरातील बोनकोडे हे आगरी समाजाची वस्ती असलेले जुने गाव. ठाणे खाडीच्या या पट्ट्यात भातशेती, मिठागरे आणि मासेमारी ही उपजीविकेची साधने होती. १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी संपादित करण्याचे ठरले. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात झालेल्या आंदोलनात गोळीबार झाला आणि पाच जणांना प्राण गमवावे लागले. साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना या लढ्यातूनच आली.

आता समजा, या परिसरातील एखाद्या प्रकल्पग्रस्त कुटुंबातील विद्यार्थ्याने विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) वाचली. धरणग्रस्तांच्या विस्थापनावरील या कादंबरीला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला आहे. पुनर्वसनाच्या कागदोपत्री फेऱ्यांत माणूस कसा झिजतो, हे ती विस्ताराने दाखविते. रहस्यकादंबरीच्या चौकटीत न मावणारा, एकच गुन्हेगार नसलेला अन्याय येथे पकडला गेला आहे. तरीही तो विद्यार्थी कदाचित म्हणेल, ‘हे आमचेच आहे, पण पूर्ण आमचे नाही.’

हे वाक्य खोडून न टाकता त्याचा अर्थ उलगडणे हे अध्यापकाचे काम आहे. धरणाने गाव बुडते आणि माणसे दुसरीकडे जातात. ‘बनगरवाडी’त दुष्काळाने वस्ती उठते. बोनकोड्यात मात्र गाव जागेवरच राहिले, जमीन गेली आणि शहर भोवती येऊन उभे राहिले. येथील माणूस कोठेही न जाता विस्थापित झाला. गावठाणातील घर तेच, पण घरासमोरील शेताच्या जागी रस्ता आणि इमारती आल्या. मोबदल्यातून काही घरांत सुबत्ताही आली, त्यामुळे दुःखाची गोष्ट एकरंगी सांगता येत नाही. ग्रामीण कादंबरीचा करार गावाशी आणि महानगरीय कादंबरीचा शहराशी. शहराच्या पोटात राहिलेले गाव या दोन्ही करारांच्या सीमारेषेवर पडते. त्या विद्यार्थ्याने एका साध्या वाक्यात नेमकी हीच सीमारेषा दाखविलेली असते. त्याच्या मताला मूल्य येते ते या नेमकेपणामुळे.

७. अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना

पहिली सूचना अशी की, कादंबरी शिकविण्यापूर्वी विद्यार्थ्यांकडून अर्ध्या पानाचे स्वतःचे मत लिहून घ्यावे आणि विवेचनानंतर त्याच मताची फेरतपासणी त्यांनाच करावयास सांगावी. दुसरी, नेमलेल्या कादंबरीबरोबर तोच विषय हाताळणारी, परंतु वेगळ्या प्रकारातील एक कादंबरी पूरक वाचनासाठी द्यावी. तुलनेतून करार आपोआप स्पष्ट होतो. तिसरी, रहस्य, विज्ञान, भय अशा लोकप्रिय प्रकारांतील निदान एक कृती वर्गचर्चेत आणावी. विद्यार्थी या कादंबऱ्या एरवीही वाचतातच. त्यांविषयी गंभीरपणे बोलण्याची भाषा त्यांना मिळत नाही. चौथी, कृतीत आपला परिसर कोठे सापडतो आणि कोठे निसटतो, हा प्रश्न अंतर्गत मूल्यमापनात समाविष्ट करावा.

८. समारोप

सर्व प्रकारांना समान मानावे, असा या विवेचनाचा आग्रह नाही. करार पाळूनही एखादी कादंबरी सामान्य राहू शकते, आणि करार मोडूनही एखादी नवी वाट पाडू शकते. परंतु हा निर्णय कृतीच्या प्रकाराचे भान ठेवून आणि वाचकाच्या अनुभवाला साक्षीस घेऊन व्हावा. ‘आवडली’ या शब्दानंतर ‘कारण’ हा शब्द लिहिण्याचे धैर्य विद्यार्थ्यात निर्माण झाले, तर कादंबरीच्या अध्यापनाचे प्रयोजन बऱ्याच अंशी सिद्ध झाले असे म्हणता येईल. आणि त्या कारणांतूनच उद्या एखाद्याला, आपल्या गावाची जी गोष्ट कोणत्याही चौकटीत बसत नाही, ती स्वतः लिहावीशी वाटेल.