‘अंबर’ परफ्यूम घेताय? आधी दोन तास थांबा!

बाटलीवर ‘अंबर’ लिहिलेलं असलं, तरी तो एकच पदार्थ नसतो. भूमध्य समुद्राकाठच्या सिस्टस झुडपाची चिकट राळ, लोबान आणि व्हॅनिला यांचं ते मिश्रण असतं. पॅरिसच्या गेर्लां कंपनीचं १९२५ मधलं ‘शालिमार’ हे त्याचं गाजलेलं उदाहरण. फवारताच येतो तो बर्गमोटचा लिंबासारखा वास, आणि दुकानात आपण नेमके त्यालाच भुलतो. तो लवकर उडतो. राळेचे जड रेणू मात्र अंगाच्या उबेनं सावकाश उडतात. उबदार, गोडसर, किंचित धुरकट वास नंतरच कळतो. म्हणून कागदी पट्टीवर नको, मनगटावर फवारा आणि फिरून या. पैसे नंतर. त्वचा कोरडी असेल तर आधी मॉइश्चरायझर लावा, वास जास्त टिकेल. मुंबईच्या दमट उन्हाळ्यात एकच फवारा पुरे. दुसरा लोकलमधल्या शेजाऱ्याला सोसवत नाही. रेशमी साडीवर मात्र मारू नका, डाग पडू शकतो.