नात्यालाही स्वतःची नोंद हवी

जनगणनेची संदर्भतारीख १ मार्च २०२७ ठरल्यापासून सगळी चर्चा जातीच्या रकान्याभोवती फिरते आहे. माझे लक्ष मात्र एका साध्या, जुन्या रकान्याकडे जाते: कुटुंबप्रमुखाशी नाते.

२०११ च्या अनुसूचीत नावाच्या पाठोपाठ हाच रकाना होता. घरातल्या प्रत्येकाचे नाते एकाच माणसाशी जोडलेले. दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडे असली, तर कोणती सून कोणाची बायको आणि कोणते नातवंड कोणाचे, हे त्या रकान्यातून कळत नाही. मग अभ्यासक वयांवरून आई-मुलांच्या जोड्या जुळवत बसतात. दारात उभ्या असलेल्या आईला एक प्रश्न विचारला असता, तर हा अंदाज करावाच लागला नसता.

संबंधाची नोंद कशी करावी, हा वाद माहिती-प्रतिरूपणाच्या शास्त्रात मुरलेला आहे. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये वस्तू आणि त्यांच्यातले संबंध अशी मांडणी केली. संबंधालाही गुणधर्म असू शकतात, हे त्यांनी मानले होते. पण व्यवहारात संबंध म्हणजे आराखड्यातल्या दोन चौकोनांमधली रेघ एवढेच उरले. ब्राझीलचे जिआनकार्लो ग्विझार्दी यांनी ट्वेंटे विद्यापीठातल्या २००५ च्या प्रबंधात मुळालाच हात घातला: हा संबंध खरा कशामुळे ठरतो?

सीता गीतापेक्षा उंच आहे, हे ठरवायला दोघींची उंची पुरते. पण अमुक तमुकचा नवरा आहे, हे त्या दोघांना कितीही निरखून कळणार नाही. त्यासाठी लग्न झालेले असावे लागते. त्या लग्नाला तारीख असते, त्यातून हक्क आणि जबाबदाऱ्या येतात, ते मोडूही शकते. मात्र त्या दोघांवाचून त्याला अस्तित्व नाही. अशा गोष्टीला ग्विझार्दी ‘रिलेटर’ म्हणतात आणि आराखड्यात तिला स्वतंत्र चौकोन देतात.

डेटाबेसवाले म्हणतील, संबंधासाठी वेगळा जोडतक्ता आम्ही रोजच करतो. करतात, पण बहुतेकदा दोन क्रमांक जुळवायची सोय म्हणून. रुग्णाचा क्रमांक आणि रुग्णालयाचा क्रमांक, एवढी जोडीच ओळखीची खूण धरली, की तोच रुग्ण पुढच्या वर्षी त्याच रुग्णालयात आला तर दुसरी ओळ घालता येत नाही. आणि ‘एका रुग्णाला अनेक रुग्णालये’ याचा अर्थ काय घ्यायचा? एकाच उपचारात अनेक, की आयुष्यभरातल्या वेगवेगळ्या उपचारांत मिळून अनेक? रेघ याचे उत्तर देत नाही. उपचाराला स्वतंत्र जागा दिली, की दोन्ही आकडे वेगळे मांडता येतात. मला तरी या सगळ्या विद्येतली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच वाटते.

२०११ च्या जनगणनेत लग्नाच्या वेळचे वयही विचारले होते. पण ते लग्नाला नव्हे, माणसाला चिकटवले: नवऱ्याचे त्याच्या ओळीत, बायकोचे तिच्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात मुलापुढे त्याच्या आईचा ओळक्रमांक टिपण्याची पद्धत आहे. आता जनगणनेतही प्रगणकाच्या हाती मोबाइल असणार, तर आईबरोबर वडील आणि जोडीदार यांचेही क्रमांक घ्यावेत, आणि घरातल्या प्रत्येक लग्नाची एक स्वतंत्र नोंद करावी: दोघांचे क्रमांक आणि लग्नाचे वर्ष.