नवापूरच्या किनाऱ्यावरून : आपल्या उसाचे पाणी जाते कुठे?



गेल्या वैशाखात पाहुण्यांकडील लग्नानिमित्त आम्हाला बोईसरला जाण्याचा योग आला. लग्न पार पडल्यावर पाहुणे म्हणाले, "इथवर आलाच आहात तर नवापूरचा समुद्र बघून जा." नवापूर हे बोईसरच्या पश्चिमेला, पालघर तालुक्यातले मच्छीमारांचे गाव. आम्हा घाटावरच्या माणसांना समुद्राचे भारी कौतुक, म्हणून हौसेने गेलो. पण किनाऱ्यावर उतरलो तर सुकत घातलेल्या मासळीच्या वासात दुसराच एक उग्र वास मिसळलेला. तारापूर औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी वाहिनीने येऊन इथेच समुद्राला मिळते, असे पाहुण्यांनी सांगितले.

होडीच्या सावलीत एक वयस्कर तांडेल जाळे सांधत बसले होते. पूर्वी काठाजवळ मिळणारी मासळी आता मिळत नाही, डिझेल जाळून लांब जावे लागते, असे म्हणाले. मग त्यांनी आमचा धंदा विचारला. आम्ही म्हणालो, "साखर कारखान्यात ऊस विकास अधिकारी."

"उसाला पाणी लई लागतं म्हणतात. मग ते जातं कुठं?"

"जमिनीत मुरतं. राहिलेलं ओढ्याला."

"आणि ओढा?"

"नदीला. पण आमची कृष्णा पूर्वेला जाते, बंगालच्या उपसागराला. तुमच्याकडं येत नाही."

तांडेल हसले. "म्हणजे तिकडच्या कोळ्याकडं जातं म्हणा की!"

आम्हाला यावर उत्तर सुचले नाही. परतीच्या प्रवासात हाच प्रश्न डोक्यात घोळत राहिला, म्हणून हा लेख.

पाइप दिसतो, चर दिसत नाही

तारापूरचा प्रश्न जगजाहीर आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 साली देशातील औद्योगिक क्षेत्रांचे प्रदूषणाबाबत गुणांकन केले, त्यात तारापूर सर्वांत वाईट ठरले. त्याआधी 2016 साली अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली होती. लवादाने समिती नेमून चौकशी करविली आणि 2022 च्या जानेवारीत भरपाईचा आदेश दिला. मच्छीमारांना हे करता आले, कारण बोट दाखवायला पाइपाचे तोंड होते. तिथले पाणी बाटलीत भरता येते, तपासता येते.

आपल्या शेताला असे एक तोंड नाही. हजारो एकरांतून थोडे थोडे पाणी चरात, चरातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत जाते. त्याबरोबर नत्र जाते, स्फुरद जाते, औषधांचे अंश जातात, माती जाते. कोणा एकाचा दोष नाही, म्हणून कोणाचाच हिशेब नाही. सभासद म्हणतील, "साहेब, कारखान्याच्या सांडपाण्याचं आधी बोला." बरोबर आहे. तो हिशेब कारखान्याने द्यायचाच आहे आणि तो विचारण्याचा सभासदांना हक्क आहे. पण त्या आडून आपल्या शेताचा हिशेब टळत नाही.

आमच्याच विहिरीची गोष्ट

घरी परतलो तेव्हा पुतणी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. बाळ झाले, वरचे दूध सुरू करायची वेळ आली. आम्ही सहज विहिरीचे पाणी तपासायला दिले. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमपर्यंत चालते. आमच्या विहिरीचे त्याच्या वर निघाले.

नायट्रेटचे पाणी तान्ह्या बाळाच्या पोटात गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडते. पाणी उकळून हा दोष जात नाही. उलट पाणी आटते आणि नायट्रेट अधिक दाट होते. घरात हे कोणालाच ठाऊक नव्हते. बाळाला उकळलेले पाणी देतो म्हणून सगळे निश्चिंत होते!

विहिरीच्या तिन्ही बाजूंना आमचाच ऊस आहे. जवळ उकिरडाही आहे, त्याचाही वाटा असेल. पण उसाला युरिया कोणी टाकला? आम्हीच. इतकेच नव्हे, एकरी शंभर टनांच्या स्पर्धा सुरू झाल्या तेव्हा "खताला हात आखडू नका" असे गावोगावच्या सभांत सांगत हिंडलो तेही आम्हीच. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. बाळाचे पाणी आता तपासलेल्या ठिकाणाहून आणतो.

खत वाहते कसे?

युरिया जमिनीत पडला की त्याचा आधी अमोनिया व मग जिवाणूंमुळे नायट्रेट होतो. अमोनियाला मातीचे कण धरून ठेवतात, नायट्रेटला धरत नाहीत. त्यामुळे पाणी जिकडे तिकडे नायट्रेट. सरी तुडुंब भरली की तो मुळांच्या खाली उतरतो, मग विहिरीत येतो किंवा चरातून ओढ्याला लागतो. स्फुरदाचे वेगळे. तो मातीला चिकटतो आणि माती वाहिली की तिच्याबरोबर जातो. म्हणून नत्र सांभाळायचे तर पाणी सांभाळा आणि स्फुरद सांभाळायचा तर माती सांभाळा. मृद व जल अभियांत्रिकीच्या संशोधनाचे सार एवढ्यात आले.

ऑस्ट्रेलियातील ऊसकरी

हा प्रश्न आपल्या आधी क्वीन्सलंडच्या ऊसकऱ्यांसमोर आला. ऑस्ट्रेलियाचा बहुतेक ऊस या एका राज्यात होतो, आणि त्याच किनाऱ्यासमोर समुद्रात प्रवाळांची जगप्रसिद्ध रांग आहे. उसाच्या शेतातले नत्र नद्यांवाटे तिथवर पोचते, असे शास्त्रज्ञांनी मोजून दाखवले. 2003 साली सरकारने पाणी सुधारण्याचा आराखडा केला आणि 2019 साली नियम आणखी कडक करून ऊसकऱ्यांना नत्र-स्फुरदाचा ताळेबंद ठेवणे बंधनकारक केले. तिथले शेतकरीही चिडले, विरोध झाला.

पण काम थांबले नाही. पाचट न जाळता शेतातच पसरण्याची पद्धत तिथे रूढ झाली. बर्डेकिन भागात आपल्यासारखेच सरीने पाणी देतात. तिथे शेताच्या खालच्या टोकाला खड्डे काढून वाहून आलेले पाणी अडवतात आणि पंपाने पुन्हा उसाला देतात. पाण्याबरोबर गेलेले खतही अशा रीतीने परत येते.

निचऱ्याच्या पाइपाला झाकण

आपल्या भागात क्षारपड जमिनीसाठी भूमिगत निचरा हा खात्रीचा उपाय ठरला आहे. 1969 साली स्थापन झालेल्या कर्नालच्या केंद्रीय मृद क्षारता संशोधन संस्थेने हे तंत्र देशभर नेले. शिरोळला श्री दत्त कारखान्याच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी एकत्र येऊन असे पाइप घातले आणि पडीक जमिनी पुन्हा उसाखाली आणल्या. ही सहकाराची मोठी कमाई आहे.

मात्र या पाइपातून क्षाराबरोबर नायट्रेटही बाहेर पडतो. म्हणजे नवापूरला जसे तोंड आहे, तसे इथे आपल्यालाही तोंड मिळाले! एका अर्थी हे बरेच झाले, कारण जिथे तोंड आहे तिथे इलाज करता येतो. संशोधकांनी दोन इलाज पुढे आणले आहेत.

पहिला, नियंत्रित निचरा. पाइपाच्या तोंडाशी फिरता एल्बो किंवा फळीची चौकट बसवायची. क्षार धुऊन जाईपर्यंत, तसेच पावसाळ्यात निचरा मोकळा ठेवायचा. जमीन सुधारली की खताचा हप्ता दिल्यावर तोंड वर करायचे. पाणी आणि नत्र दोन्ही मुळांच्या आवाक्यात राहतात. मुळ्या कुजणार नाहीत इतपतच पाणी चढू द्यायचे, हे भान मात्र हवे.

दुसरा, ढलप्यांचा चर. अमेरिकेत आयोवाच्या मकाकऱ्यांनी निचऱ्याच्या पाइपापुढे लाकडाच्या ढलप्यांनी भरलेले चर केले आहेत. ढलप्यांवर वाढणारे जिवाणू पाण्यातल्या नायट्रेटचा निरुपद्रवी नत्रवायू करून हवेत सोडतात. क्वीन्सलंडच्या उसातही याचे प्रयोग झाले आहेत. आपल्याकडे सामुदायिक निचऱ्याच्या तोंडाशी असा एखादा चर करून पाहण्यासारखा आहे.

सभासदांनी काय करावे?

यंत्रे, चर पुढची गोष्ट. पहिले काम पोत्यापासून सुरू होते.

1. सुरू उसाला विद्यापीठाची शिफारस एकरी 100 किलो नत्राची आहे. 45 किलोच्या पोत्याने सारे नत्र युरियातून दिले तरी पाच पोती पुरतात, आणि मिश्रखतातले नत्र त्यातूनच वजा करायचे असते. आडसालीला 160 किलो. माती परीक्षण करून यात कमी-जास्त करावे. आम्ही शिवारात याच्या दुप्पट टाकणारे पाहिले आहेत. टनेज दुप्पट झालेले पाहिले नाही.

2. नत्र हप्त्याने द्यावे. सुरूला लागणीवेळी दहावा हिस्सा, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस टक्के, बारा ते सोळा आठवड्यांनी पुन्हा दहावा हिस्सा आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस टक्के.

3. खत फेकू नये, मातीआड करावे. खोडव्याला पहारीने द्यावे. पहिला निम्मा भाग पंधरा दिवसांत बुडख्याच्या एका बाजूला, दुसरा सुमारे 135 दिवसांनी दुसऱ्या बाजूला. मजुरी लागते, पण वाहून जाणारे पोते वाचते.

4. खत दिल्यावर तुडुंब पाणी देऊ नये. ठिबक असेल त्यांनी विद्राव्य खत ठिबकातूनच थोडे थोडे द्यावे.

5. पाचट जाळू नये. सरीत ठेवून एकरी 32 किलो युरिया, 40 किलो सुपर फॉस्फेट व 4 किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. माती झाकली की वाहत नाही.

6. ओढ्यापर्यंत नांगर घालू नये. काठाला गवताचा पट्टा सोडावा. जाणारी माती तिथे थांबते.

7. विहिरीपासून उकिरडा दूर न्यावा आणि पिण्याचे पाणी तपासून घ्यावे. घरात तान्हे बाळ असेल तर हे काम उद्यावर टाकू नये.

एक प्रामाणिक अडचण सांगतो. यातल्या बहुतेक गोष्टींचा फायदा ज्याने केल्या त्याला अर्धा आणि ओढ्याखालच्या गावाला अर्धा. म्हणून एकट्याने करण्यात उत्साह वाटत नाही. पण अशाच कामांसाठी तर सहकार आहे! पाणी वर उचलायला आपल्या वाडवडिलांनी उपसा सिंचन संस्था काढल्या, खाली जाणाऱ्या पाण्यासाठी एकत्र यायला आपल्याला काय हरकत आहे?

आमच्या विभागाची विनंती अशी की प्रत्येक गटातून दोन-तीन सभासदांनी आपल्या ओढ्याचे आणि पिण्याच्या विहिरीचे पाणी, पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा, स्वच्छ बाटलीत भरून गट कार्यालयात आणून द्यावे. बाटलीवर गट नंबर व तारीख लिहावी. तपासणी करून निकाल, चांगला असो वा वाईट, याच पानांवर छापू. आमच्या विहिरीचा निकाल पहिला असेल.

पुन्हा कोणी तांडेलाने विचारले की तुमचे पाणी जाते कुठे, तर निदान त्यात काय जाते एवढे तरी आपल्याला सांगता यावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी