पेटी कोण उचलतो?

पुलगावच्या आगीला ३१ मे २०२६ रोजी दहा वर्षं झाली. वर्ध्याकडच्या माणसाला ती रात्र वेगळी सांगावी लागत नाही. एकच्या सुमारास आवाज सुरू झाले आणि आसपासच्या गावांतली माणसं पोरंबाळं काखेत मारून रस्त्यावर आली. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा भांडारातली ती आग विझवायला धावलेले जवान आणि दोन अधिकारी परत आले नाहीत. दरवर्षी या दिवशी शौर्याबद्दल बोललं जातं आणि ते खरंच शौर्य होतं. पण टीएनटीबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही.

ठपका आला होता तो रणगाडाविरोधी सुरुंगांतून पाझरणाऱ्या टीएनटीवर. शुद्ध टीएनटी वितळायला ८० अंशांच्या वर उष्णता लागते, तेव्हा विदर्भाच्या उन्हाळ्याची त्याला काही मातब्बरी नाही. पण माल अशुद्ध असेल, तर त्यातली भेसळ कमी तापमानाला पातळ होते आणि तपकिरी तेलासारखी फटींतून, आट्यांतून बाहेर येते, लाकडात मुरते. मग पेटी नुसती सरकवली तरी घर्षण कुठे होईल, सांगता येत नाही. हे ओळखायला यंत्र लागत नाही. पेटी उघडून बघणारा, बोटांना तेलकट लागल्यावर हात थांबवणारा माणूस लागतो. असा माणूस कसा घडायचा आणि आता कसा घडत नाही, एवढंच मला सांगायचं आहे. आयुष्यातली बरीच वर्षं मी त्याच कामात काढली.

मागचा सगळा इतिहास सांगत बसत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा. १९५२ साली दापोडीच्या सीएमईत, म्हणजे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालयात, शस्त्रास्त्रविद्येची संस्था निघाली, पुढे ती गिरीनगरला गेली आणि आता तिचं अभिमत विद्यापीठ झालं आहे. यावर गुळगुळीत कागदाच्या स्मरणिका आहेत, हौस असेल त्यानं वाचाव्यात. १९४४ मात्र टाळता येत नाही. मुंबईच्या गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ जहाजाच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती आणि सोबत कापसाच्या गाठी. धूर निघाल्यावर ऑर्डनन्स कोअरचा कॅप्टन ओबर्स्ट तिथे आला. कोणता माल आहे ते कळताच, जहाज बुडवा, असं त्यानं बजावलं. तो निर्णय घ्यायचा कुणी, यावर साहेबलोकांचं जमेना. चार वाजून गेले आणि पहिला स्फोट झाला. ६६ अग्निशमन जवान गेले. त्यांच्यासाठी आपण १४ एप्रिल पाळतो. ज्याला कळत होतं त्याच्याकडे अधिकार नव्हता आणि ज्यांच्या हातात पाइप होते ते मेले. या धंद्यात पुढे जे काही पाहिलं, त्यात ही मांडणी फारशी बदललेली दिसली नाही.

माझं दशक २००० ते २०१०. जबलपूरच्या लष्करी कॉलेजात दारूगोळ्याचा कोर्स व्हायचा. परीक्षा, तोंडी, प्रात्यक्षिक, मग शिक्का. शिक्का मिळालेला पोरगा छाती काढून डेपोत यायचा आणि पहिले कित्येक महिने त्याच्या हाती फक्त वही. लॉट नंबर लिही, पेट्या मोज, शेडच्या दारावरची पाटी वाच. पाटीवर दोन आकडे असतात, आत जास्तीत जास्त किती स्फोटक आणि जास्तीत जास्त किती माणसं. नियम साधा आहे, माल कमी, माणसं कमी, वेळ कमी. गेटवर काडेपेटी, लायटर जमा. हत्यारं पितळेची, कारण लोखंडाची ठिणगी उडते. हे सगळं पुस्तकात आहे. पुस्तकात नसलेलं उस्तादांकडे होतं.

आमचे उस्ताद साताऱ्याकडचे, मोजकं बोलणारे. ड्रिलच्या, म्हणजे निर्जीव फ्यूजांच्या पेटीत ते मुद्दाम एक भलत्याच लॉटचा फ्यूज घालून ठेवत आणि विडी ओढता येत नाही म्हणून सुपारी कातरत लांब बसत. कोण थांबतो, कोण रेटून पुढे जातो, ते बघत. घाईनं काम संपवलं म्हणून त्यांनी कुणाला शाबासकी दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. “तुझा कागद बरोबर आहे रे,” म्हणत, “हात अजून कच्चा आहे.” त्यांची सही मिळाली की खरा पास. त्या सहीला पगारात एक पैसा वाढत नव्हता, तरी ती मिळाल्याच्या संध्याकाळी कॅन्टीनमध्ये जिलबी आणली जायची.

त्याच दशकाची सुरुवात भरतपूरच्या डेपोतल्या आगीनं झाली. २८ एप्रिल २०००. उन्हाळा, वेळेवर न कापलेलं वाळकं गवत, आणि जवळपास ४०० कोटींचा दारूगोळा खाक. पुढच्या उन्हाळ्यात पठाणकोटजवळचं मामून आणि सुरतगडजवळचं बिरधवाल, २००७ साली काश्मीरमधलं खुंडरू. भरतपूरनंतर परिपत्रकांचा पाऊस पडला. गवत कापल्याचं प्रमाणपत्र, पाण्याच्या टाक्या भरल्याचं प्रमाणपत्र, रिफ्रेशर झाल्याचं प्रमाणपत्र. गवत कापायला मात्र सर्वांत कमी दराचं टेंडर भरणाऱ्याची माणसं येत. त्यांना कुठल्या शेडपासून किती लांब राहायचं, हे आम्ही हातवाऱ्यांनी सांगत असू, कारण त्यांना शिकवायची तरतूद कुठल्याच रकान्यात बसत नव्हती.

त्यात डिसेंबर २००१ पासून ‘ऑपरेशन पराक्रम’, म्हणजे सीमेवर सैन्याची जमवाजमव. सीमेवर सुरुंग पेरायचे होते, अफाट संख्येनं आणि तातडीनं. सॅपर्स, म्हणजे हे काम शिकलेले इंजिनिअर जवान, पुरणार कुठून? पायदळाच्या पोरांनाही जुंपलं. पेरताना आणि नंतर काढताना शेकडो जवान मेले किंवा जायबंदी झाले, लढाई न होता. आम्ही मागून माल पाठवत होतो आणि कानावर येणाऱ्या बातम्या ऐकून उस्तादांचं बोलणं आणखी कमी झालं होतं.

दोन हिशेब या निमित्तानं चुकते करून टाकतो. एक साहेब होते, इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री त्यांनी अख्ख्या सेक्शनची रिफ्रेशर टेस्ट कागदावर उरकली. रजेवर असलेलासुद्धा उत्तम गुणांनी पास झाला. दुसरे एक ऑडिटवाले. एक माणूस उघडू शकतो ती पेटी उघडताना दुसरा नुसता उभा का, अशी त्यांची हरकत होती. दुसरा बघायला असतो, असं सांगितल्यावर त्यांनी ‘बघणे’ हे काम कुठल्या नियमात आहे, असं विचारलं. पहिले साहेब बढती घेऊन गेले, दुसऱ्यांची हरकत फायलीत राहिली.

उस्ताद निवृत्त झाले आणि ती सहीची पद्धत बघता बघता गेली. ती कुणी बंद केली नाही. मनुष्यबळ कमी, काम जास्त, मग वहीवर बसवून ठेवायला पोरगा परवडेना. कोर्स करून आला की दुसऱ्या दिवशी शेडमध्ये.

पुलगावनंतर दोनच वर्षांनी, २० नोव्हेंबर २०१८ला, त्याच पुलगावजवळ मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायच्या जागेवर गाडीतून माल उतरवताना स्फोट झाला. सहा माणसं गेली. त्यांत बरेचसे जवळच्या खेड्यांतले, कंत्राटदारानं रोजावर आणलेले. मला राहून राहून या घटनेचा जास्त राग येतो. जुना, बाद झालेला माल हाच सर्वांत लहरी, त्यासाठी सर्वांत मुरलेला हात हवा, आणि नेमका तोच माल उतरवायला मजूर. शिक्कामोर्तब झालेला माणूस कागदावर सही करतो, पेटी उचलणारा भलताच असतो.

आता अग्निवीर. जून २०२२च्या योजनेत चार वर्षांची सेवा आणि त्यातल्या पंचवीस टक्क्यांना पुढे ठेवणार. ऑक्टोबर २०२४मध्ये नाशिकला देवळालीच्या सरावात तोफेचा गोळा फुटून दोन अग्निवीर गेले, तेव्हा लगेच कच्च्या प्रशिक्षणाच्या नावानं ओरड झाली. मी त्या ओरडीत नव्हतो. गोळा सदोष असेल तर वीस वर्षं मुरलेला तोफचीही वाचत नाही. माझं दुखणं वेगळं आहे. २०२२च्या भरतीच्या जाहिरातीत ‘ॲम्युनिशन एक्झामिनर’ हाही प्रकार होता. म्हणजे चार वर्षांत मूळ प्रशिक्षण, ट्रेडचा कोर्स, रजा, बदली, आणि हात जरा पक्का होतोय तोवर चारांतले तिघे घरी. उरलेल्या एकाला शिकवायला उस्ताद हवा, तो या हिशेबात कुठून तयार होणार?

हे मी आमच्यातल्या वरिष्ठांशी बोललो. त्यांचं म्हणणं, आता सगळं सिम्युलेटरवर शिकवता येतं. येत असेल. पाझरलेल्या टीएनटीचा तेलकटपणा सिम्युलेटर बोटांना लावतो का, एवढं मी विचारलं, त्यावर त्यांनी चहा मागवला.

पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीपासून भरू लागतात. कोण राहणार याच्या याद्या लागतील, तेव्हा दारूगोळ्याच्या ट्रेडचा टक्का वेगळा काढावा, आणि तो शंभर असावा. अर्ज केला आहे. पोच मिळाली, उत्तर नाही.