आमदार तेच, चिन्ह वेगळं!

आसनगाव स्टेशनला उतरून शहापूरच्या कॉलेजात जाणाऱ्यांनो, एक छोटी क्विझ. २०१४च्या विधानसभेला तुमच्या मतदारसंघात घड्याळावर कोण उभं होतं? पांडुरंग बरोरा. आणि धनुष्यबाणावर? दौलत दरोडा. आता पाच वर्षं पुढे या. २०१९ला घड्याळावर दरोडा आणि धनुष्यबाणावर बरोरा! माणसं तीच दोन, चिन्हांची मात्र चक्क अदलाबदल. दोन्ही वेळा जिंकलं ते घड्याळ.

आता सांगा, तुमच्या आजीने आयुष्यभर 'बाणालाच' मत दिलं असेल, तर तिने नक्की कुणाला मत दिलं?

दरोडांची कारकीर्द समजून घ्यायची तर हा प्रश्न टाळता येत नाही. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या मतदारसंघातून ते १९९५, १९९९ आणि २००९ला शिवसेनेचे आमदार झाले. मध्ये २००४ला राष्ट्रवादीचे महादू बरोरा निवडून आले. हे पांडुरंग बरोरांचे वडील. म्हणजे ही लढत दोन पिढ्यांची आहे. २०१९च्या जुलैमध्ये पांडुरंग बरोरांनी आमदारकी सोडून शिवसेनेची वाट धरली, तेव्हा दरोडांनी राष्ट्रवादी गाठली.

आणि मग तो नोव्हेंबर. २३ तारखेला महाराष्ट्र झोपेतून उठला तो देवेंद्र फडणवीस आणि अजित पवारांचा शपथविधी बघतच. इकडे शहापूरचे आमदार सापडेनात! पोलीस ठाण्यात ते बेपत्ता असल्याची तक्रारही झाली. तेव्हा आपल्यापैकी बरेच जण शाळेत होतो, मीम्स मात्र सगळ्यांनी पाहिल्या. पुढे दरोडांचा व्हिडिओ आला, की मी सुखरूप आहे आणि पक्षातच आहे. मग ते गुरुग्रामच्या हॉटेलातून परतले. २६ तारखेला ते सरकारही गेलं. २०२३ला राष्ट्रवादी फुटली तेव्हा दरोडा अजित पवारांबरोबर राहिले. २०२४ला समोर पुन्हा बरोराच होते, या वेळी शरद पवारांच्या तुतारीवर. दरोडा जिंकले, पण दोन हजारांहूनही कमी मतांनी. एवढी मुलं तर दोन-तीन कॉलेजांत मिळून असतात, हे लक्षात घ्या.

पॉलिटिकल सायन्सवाले म्हणतील, पक्षांतरबंदी कायदा आहे की! आहे, १९८५पासून. पण तो निवडून आलेल्याला धरतो. राजीनामा देऊन नव्या चिन्हावर पुन्हा मत मागायला येणाऱ्याला तो अडवत नाही. तिथे अडवणार किंवा निवडणार तुम्हीच.

मुरबाडकरांनो, हसू नका. तुमचे किसन कथोरे २००४ला अंबरनाथचे आमदार होते. मतदारसंघांची फेररचना झाली, अंबरनाथ अनुसूचित जातींसाठी राखीव झाला आणि २००९ला ते मुरबाडमधून घड्याळावर निवडून आले. २०१४पासून ते कमळावर जिंकतायत. या मतदारसंघात बदलापूरही येतं, म्हणजे लोकलची गर्दी आणि एसटीची वाट बघणं, दोन्ही दुखणी एकाच आमदाराकडे. मुरबाडला अजून रेल्वे नाही, हे कल्याणच्या एसटीत उभं राहून जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मला स्वतःला पक्षबदलापेक्षा जास्त टोचतं ते पाणी. भातसा आणि तानसा दोन्ही शहापूर तालुक्यात. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि एप्रिल-मे आला की याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर फिरतात, बायका रात्री विहिरीवर नंबर लावतात. धनुष्यबाण आला, घड्याळ आलं, टँकर काही थांबला नाही. इगतपुरीच्या भावली धरणातून गावपाड्यांना पाणी आणायची योजना आहे. तिचं काम कुठवर आलंय, हे आमदार गावात आले की थेट विचारा. सेल्फी नंतर.

पुढची विधानसभा २०२९ला. तेव्हा दरोडा आणि बरोरा ही आडनावं कोणत्या चिन्हांवर असतील, यावर कॅन्टीनमध्ये पैज लावून बघा. कटिंग चहाचीच लावा, हरायची शक्यता जास्त आहे.