टांगतं मचाण कसं निवडावं? हलकेपणा, आराम आणि सुरक्षिततेचं गणित



आजचा विषय वाचून तुम्हाला जरा नवल वाटेल. पण शेवटपर्यंत वाचा, कारण यात आठवी-नववीचं निम्मं भौतिकशास्त्र आहे आणि एका मुलाच्या जिवाची काळजीही आहे.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहते. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, पंधरा वर्षांचा. तिकडे शरद ऋतूत धनुष्यबाणाने हरणाची शिकार करायची जुनी पद्धत आहे. भाच्याच्या वर्गमित्राचं घर शिकारीचं. त्या मित्राबरोबर आणि मित्राच्या वडिलांबरोबर भाच्यालाही जायचं होतं. बहिणीचा फोन आला, "दादा, हा झाडावर टांगायचं मचाण विकत घ्यायचं म्हणतोय. सगळ्यात हलकं हवंय म्हणे. तू विज्ञान शिकवतोस ना, मग तूच समजाव त्याला."

मी कधी शिकार केलेली नाही. आपल्या देशात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. तिकडे मात्र परवाना, ठरलेला हंगाम आणि हरणांची ठरलेली संख्या अशा नियमांत ती चालते. विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना परवान्यासाठी सहसा शिकारी-शिक्षणाचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. भाच्याने तो केला होता. त्यामुळे "जाऊ नको" म्हणण्यापेक्षा "नीट समजून जा" असं म्हणणं मला पटलं. मग माहितीपत्रकं वाचली, वही घेतली आणि हिशेब मांडला. तोच इथे देतो.

टांगतं मचाण म्हणजे काय?

मचाण आपल्याला नवीन नाही. ज्वारीच्या शेतात गोफण घेऊन राखणीला बसायचा माळा आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री ताडोबा, मेळघाटात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसून निसर्गप्रेमी प्राणी मोजतात, तेही आपण वाचतो.

पण ही मचाणं एका जागी बांधलेली असतात. अमेरिकेतलं 'हँग-ऑन' मचाण पाठीवर घालून न्यायचं असतं. त्यात एक उभा खांब, पाय ठेवायला जाळीदार फळी आणि वर एक छोटी बैठक असते. खांब पट्ट्याने झाडाच्या बुंध्याला आवळायचा. फळीचं पुढचं टोक दोन बाजूंच्या तारा वरून धरून ठेवतात. चढण्यासाठी पायऱ्या असलेल्या तीन-चार आखूड काठ्या वेगळ्या आणायच्या आणि त्याही बुंध्याला पट्ट्यांनी बांधायच्या.

हे मचाण साधारण १५ ते २० फुटांवर लावतात. बाणाचा पल्ला कमी, त्यामुळे हरीण वीस-तीस यार्डांत यावं लागतं. पांढऱ्या शेपटीच्या त्या हरणाचं नाक आणि कान फार तिखट. म्हणून उंचावर, वाऱ्याची दिशा पाहून, तासन् तास न हलता बसावं लागतं.

वजन : फक्त मचाणाचं नाही, सगळं मोजा

भाच्याचा आग्रह हलक्या मचाणाचा होता. त्यात चूक काही नाही. पहाटेच्या अंधारात रान तुडवत जायचं, तर पाठीवरचा प्रत्येक किलो जाणवतो.

पोलादी टांगतं मचाण साधारण ७ ते ९ किलोचं असतं, ॲल्युमिनियमचं ४ ते ६ किलोचं. इथे वर्गात विचारण्यासारखा प्रश्न आहे : ॲल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांश, मग मचाणाचं वजन एक तृतीयांश का होत नाही? कारण ॲल्युमिनियमचा ताठपणाही पोलादाच्या एक तृतीयांशच. तेवढंच न वाकणारं मचाण करायचं तर भाग जाड ठेवावे लागतात. काही हलक्या मचाणांत वजन आणखी कमी करायला फळी आणि बैठकच लहान केलेली असते. म्हणजे कमी झालेला किलो कुठून कमी झाला, हे आधी पाहायचं.

मी भाच्याला म्हटलं, "एक तक्ता कर. मचाण, चढायच्या काठ्या, हार्नेस, धनुष्य-बाण, गरम कपडे, पाणी, डबा. प्रत्येकापुढे वजन लिही आणि बेरीज कर." त्याची बेरीज सोळा किलोच्या वर गेली! मग त्यालाच कळलं, की मचाणात दीड किलो वाचवायला बैठक अर्धी करण्यापेक्षा काठ्या हलक्या घेणं आणि फालतू सामान घरी ठेवणं जास्त शहाणपणाचं.

आराम : चैन नव्हे, गरज

"मामा, मला मऊ गादी नको, मी काही म्हातारा नाही," भाचा म्हणाला. मी त्याला विचारलं, "वर्गात बाकावर दोन तास सलग न हलता बसून दाखवशील?" तो हसला.

पण प्रश्न खरा आहे. बैठक अरुंद असली की तिची कड मांडीखाली रुतते. रक्तप्रवाह अडतो, पायाला मुंग्या येतात. माणूस चुळबुळ करतो आणि हरीण सावध होतं. तेवढ्याने फार बिघडत नाही. पण बधिर पायांवर सहा मीटर उंचीवर एकदम उभं राहायचं, हा प्रकार जिवावर बेतू शकतो. म्हणून बैठक बघताना या गोष्टी तपासा :

१. बसल्यावर गुडघे साधारण काटकोनात येतात का? बैठक फार खाली असली तर गुडघे वर येतात आणि उठताना तोल पुढे जातो.

२. बैठक वर दुमडते का? धनुष्य ताणायला अनेकदा उभं राहावं लागतं. तेव्हा पाठ बुंध्याला टेकता आली पाहिजे.

३. फळीवर दोन्ही पाय मोकळे ठेवून, खाली न बघता थोडं वळता येतं का?

४. बैठक जाळीची की फोमची? फोम थंडीत ऊब देतो, पण आत पाणी शिरलं तर गोठतो. जाळी लवकर वाळते, पण वारा लागतो.

५. सांधे करकरतात का? थंडगार शांत सकाळी धातूचा एक टणत्कार फार लांब जातो.

पट्ट्यावर किती ताण येतो?

आता फळ्यावर आकृती काढा. भिंतीवरच्या फळीचा कंस असतो ना, तसंच हे मचाण. माणूस फळीच्या टोकाला उभा राहिला की मचाण पुढे झुकू पाहतं. वरचा पट्टा ते मागे ओढतो आणि खालचा भाग बुंध्यावर दाबला जातो.

समजा ८० किलोचा माणूस बुंध्यापासून ७५ सेंटिमीटरवर उभा आहे. वरचा पट्टा आणि खालचा टेका यांत अंतर आहे ६० सेंटिमीटर. मग ८० × ७५ = ओढ × ६०. ओढ आली १०० किलो वजनाइतकी! माणसाच्या वजनापेक्षाही जास्त. तरफेचा नियम तो हाच.

म्हणून बहुतेक मचाणांवर ३०० पौंडांची, म्हणजे सुमारे १३६ किलोंची मर्यादा लिहिलेली असते. त्यात माणसाबरोबर कपडे आणि सामानही धरायचं. पट्टे उन्हाने कुजतात, खारी कुरतडतात, वाढत्या झाडाने ताणले जातात. त्यामुळे हंगाम संपला की मचाण उतरवायचं आणि पट्टे कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलायचे.

झाडही पारखून घ्यायचं. जिवंत, सरळ आणि निरोगी. २००२ साली मिशिगनमध्ये एमराल्ड ॲश बोरर नावाचा हिरवा भुंगा सापडला. तेव्हापासून त्याने अमेरिकेत ॲशची असंख्य झाडं मारली आहेत. असं वाळलेलं झाड खालून धडधाकट दिसतं, पण भरवशाचं नसतं. सैल साल सुटणाऱ्या झाडावर मचाण घसरू शकतं.

सगळ्यात महत्त्वाचं : दोरी

२० फूट म्हणजे ६.१ मीटर. तिथून पडलेला माणूस जमिनीवर किती वेगाने आदळेल? v² = 2gh या सूत्रात आकडे घाला. उत्तर येतं सेकंदाला सुमारे १०.९ मीटर, म्हणजे ताशी ३९ किलोमीटर. वेळ लागतो जेमतेम १.१ सेकंद. फांदी पकडू म्हणायलाही वेळ नाही.

आता दुसरं गणित. अंगभर पट्ट्यांचा हार्नेस घातलाय आणि त्याची दोरी आखूड ठेवलीय. माणूस ३० सेंटिमीटर खाली येऊन थांबला. तेव्हा वेग असतो ताशी सुमारे ९ किलोमीटर. पहिल्या गणितात हॉस्पिटल किंवा त्याहून वाईट, दुसऱ्यात एक हिसका. म्हणून बसल्यावर दोरीत ढील उरता कामा नये.

पण हार्नेस फक्त वर पोहोचल्यावर अडकवून भागत नाही. चढताना, उतरताना आणि काठीवरून फळीवर पाय टाकताना धोका मोठा असतो. त्यासाठी झाडाच्या वरपासून जमिनीपर्यंत एक दोर सोडतात आणि त्यावर प्रुसिक गाठ मारतात. हाताने सरकवली तर ती सरकते, एकदम ताण आला की आवळून बसते. १९३१ साली कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती प्रसिद्ध केली. सह्याद्रीतले कडे चढणारे आपले प्रस्तरारोहकही ती वापरतात. तुमच्या शाळेत असा कोणी माजी विद्यार्थी असेल तर त्याला बोलवा, मुलं हरखून जातील.

आणखी चार गोष्टी लक्षात ठेवा :

• चढताना दोन हात आणि दोन पाय यांपैकी तीन नेहमी टेकलेले हवेत.
• धनुष्य हातात धरून चढायचं नाही. वर बसून, दोर बांधून घेतल्यावर ते दोरीने ओढून घ्यायचं.
• हार्नेसमध्ये लटकून राहणंही धोक्याचं आहे, मांड्यांचे पट्टे रक्त अडवतात. पाय टेकवायला एक जादा पट्टा खिशात हवा.
• कुठे बसणार, कधी परतणार हे घरी सांगून जायचं. फोन हाताला येईल अशा खिशात ठेवायचा.

भाच्याने काय निवडलं?

त्याने सगळ्यात हलकं मचाण घेतलं नाही आणि सगळ्यात मोठंही नाही. साधारण सहा किलोचं, दुमडणाऱ्या रुंद बैठकीचं घेतलं. ते आधी घरामागच्या मेपलच्या झाडाला जमिनीपासून फक्त एक फुटावर बांधलं. हार्नेस घालून तिथेच दोन तास बसला आणि गणिताचा गृहपाठ केला. बहिणीने खिडकीतून फोटो काढून मला पाठवला. दीड तासाने त्याला कळलं, की बैठक दोन बोटं वर हवी. ही चूक वीस फुटांवर कळली असती तर?

त्याला मी एकच वाक्य लिहून दिलं होतं : वजन पाठीवर तासभर असतं, बैठक चार तास, पण दोरी मात्र जमिनीवरून पाय उचलल्यापासून परत जमिनीवर टेकेपर्यंत.

पालकहो, आपल्या मुलांच्या हातात मचाण येणार नाही कदाचित. पण झाडावर, गच्चीच्या कठड्यावर, ट्रेकच्या कड्यावर ती चढणारच. "चढू नको" हे ती ऐकतीलच असं नाही. पण सहा मीटरचं गणित त्यांनी स्वतःच्या हाताने सोडवलं, तर ते त्यांच्या लक्षात राहील.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना आपल्या घराच्या गच्चीची उंची मोजायला सांगा. v² = 2gh वापरून वेग काढा, त्याला ३.६ ने गुणून ताशी किलोमीटर करा आणि तो सायकलच्या वेगाशी ताडून पाहा. मोजायचं काम मात्र घरातल्या मोठ्यांना सोबत घेऊनच करायचं, हे आधी बजावून सांगा.